क्रूझ धरेना

गाडी चांगली चालत होती, हीच पंचाईत होती. इंजिन तापत नव्हतं, अ‍ॅव्हरेज पडलं नव्हतं, डॅशबोर्डवर एकही नको तो दिवा नव्हता. फक्त क्रूझ कंट्रोल, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता लावलेला वेग धरून ठेवणारी सोय, ते सुटायचं. ऐंशीला लावून पाय बाजूला घेतला की थोडा वेळ छान धरायचं. मग पुलाचा सांधा यायचा, चाकाखाली धप्प व्हायचं आणि मीटरमधलं हिरवं ‘सेट’ गायब. शेजारचं ‘क्रूझ’ तसंच पेटलेलं, म्हणजे यंत्रणा चालू, पण पकड सोडलेली. ‘रिझ्यूम’चं बटण दाबलं की परत धरायचं. पुढच्या सांध्याला परत सुटायचं.

असल्या दुखण्याला कोल्हापुरात सहानुभूती मिळत नाही. ‘पाय हायत न्हवं? मग दाबायचं की अ‍ॅक्सिलरेटर!’ हे मला मित्रांनी, शेजाऱ्यांनी आणि सख्ख्या मेहुण्यानंही ऐकवलं. त्यांचंही खरं आहे. गावात क्रूझ लावायला जागा नाही, आणि पुण्याकडं जाताना सहापदरीकरणाच्या कामात जागोजागी वळणरस्ते, तिथं क्रूझ लावणं म्हणजे हौसच. पण माझं कामानिमित्त हुबळीकडं जाणं-येणं असतं. निपाणी सोडली, तवंदी घाट चढला की पुढं रस्ता मोकळा. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळं तिकडं तासभर पाय सरळ करता आला तर मला त्याची किंमत आहे.

गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जो भाग शेवटी सापडला तसला भाग अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असतो आणि वय झालं की कुठंही मोडतो.

क्रूझबद्दल एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. ही कल्पना राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. गाडी ते चालवत नव्हते, शेजारी बसून फक्त तिचे हेलकावे अंगावर घ्यायचे. १९५० साली त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८च्या मॉडेलपासून क्रायस्लरनं ते गाडीत दिलं. त्या काळी आणि नंतरही कित्येक वर्षं क्रूझ म्हणजे एक खरीखुरी वस्तू असायची: बॉनेटखाली वेगळं यंत्र, त्यातून निघालेली केबल, ती थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, ओढायची. बिघडलं की ते यंत्र काढून बघायचं.

आताच्या गाडीत तसं काही नाही. अ‍ॅक्सिलरेटरलाच केबल नाही. पेडलला सेन्सर, इंजिनावर मोटरनं उघडझाप होणारा थ्रॉटल आणि मधे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. क्रूझ हा त्या ईसीयूमधला एक प्रोग्रॅम. त्याचं स्वतःचं असं सामान म्हणजे स्टेअरिंगवरची बटणं, बस्स. बाकी सगळी माहिती तो इतरांकडून घेतो: वेग किती, ब्रेक दाबलाय का, क्लच दाबलाय का, चाक कुठं घसरतंय का. आणि यांतल्या एकानं जरी शंका काढली तरी तो सोडून देतो. लग्नाच्या बोलणीसारखं आहे: सगळी बैठक हो म्हणतेय, पण कोपऱ्यात बसलेला एक मामा ‘बघू’ म्हणाला की संपलं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे असंच असायला हवं. पण दुरुस्ती करणाऱ्यानं क्रूझ दुरुस्त करायला जायचं नाही, तो मामा शोधायचा.

घरच्या घरी बघण्यासारखं बरंच असतं. अंधार पडल्यावर गाडी कंपाउंडच्या भिंतीला पाठ करून लावली आणि ब्रेक दाबून बघितला. भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड, वरचा तिसरा दिवाही लागतोय, पाय काढला की तिन्ही एकदम विझतात. म्हणजे ब्रेकचा स्विच निदान दिव्यापुरता ठीक. निदान म्हणायचं कारण असं की या स्विचमध्ये बहुधा दोन वेगळे कॉन्टॅक्ट असतात, एक दिव्यासाठी आणि एक ईसीयूसाठी, आणि त्यांचं आपसांत जमलं नाही तरी क्रूझ धरत नाही. आधीच्या मालकानं मागं एलईडी बल्ब बसवले होते. जुन्या पद्धतीच्या काही गाड्यांत क्रूझ ब्रेकच्या दिव्याच्या वायरीवरच नजर ठेवून असतं आणि एलईडी बसवला की गोंधळतं, असं मला माहीत होतं. साधे बल्ब घालून बघितले. फरक शून्य.

वेगाचा काटा स्थिर होता, चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएस ब्रेकचा दिवा येत नव्हता, म्हणजे वेगाची माहितीही नीट जात होती. राहिली स्टेअरिंगवरची बटणं. पण तिथं मला एक गोष्ट पक्की दिसत होती. क्रूझ सुटलं की रिझ्यूम दाबल्या दाबल्या ते धरत होतं. दरवेळी. बटण खराब असतं, किंवा बटणापासून आत जाणारी वायर तुटकी असती, तर रिझ्यूमसुद्धा कधी लागलं असतं, कधी नाही. शिवाय स्टेअरिंग वळवताना काही होत नव्हतं. व्हायचं ते फक्त हादरा बसला की. म्हणजे हुकूम नीट पोचत होता. कुणीतरी मधूनच ‘सोड’ म्हणत होतं.

ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल, म्हणजे ईसीयूतली माहिती फोनवर दाखवणारी डबी, घेऊन स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावला. फोनवर आरपीएम, कूलंटचं तापमान, वेग, असलं सगळं झकास दिसायला लागलं. पण ब्रेक आणि क्लचच्या स्विचची स्थिती त्यात नव्हतीच. ही माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत ठेवते. फुकटच्या अ‍ॅपला ती सहसा वाचता येत नाही. बिघाडाचा कोड विचारला, तर ‘एकही कोड नाही’. तो डोंगल आता गाडीच्या खणात पडून असतो. मुलाला आरपीएम बघायला आवडतं.

मग सर्व्हिस सेंटर. एसी, कॉफी, काचेपलीकडं गाडी. अ‍ॅडव्हायझर पोरगा सभ्य होता. गाडी आत गेली, तासाभरानं बाहेर आली.

‘सर, क्लॉक स्प्रिंग बदलावी लागेल. स्टेअरिंगमधला प्रॉब्लेम आहे.’

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टेअरिंगच्या मागं गुंडाळून ठेवलेली चपटी पट्टीसारखी केबल. स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी बटणं, हॉर्न आणि एअरबॅग यांचं कनेक्शन तिच्यामुळं टिकतं. ती जाते, हे खरं आहे, आणि तिच्यामुळं क्रूझ जातं, हेही खरं आहे. पण बहुतेक वेळा तेव्हा हॉर्न मुका होतो किंवा एअरबॅगचा दिवा लागतो. माझं दोन्ही ठीक होतं.

‘लाइव्ह डेटा बघितला का? क्लच स्विच, ब्रेक स्विच?’

‘सर, एरर कोडच नाही ना. आणि क्लचचा स्विच ओके आहे. क्लच दाबल्याशिवाय गाडी स्टार्ट होत नाही, बघा तुम्ही.’

हे त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं की मीही गप्प बसलो. खर्च दहा हजारांच्या पुढं सांगितला, मजुरी वेगळी. कळवतो म्हणालो आणि निघालो. अंदाजानं पार्ट बदलणं हा आता धंद्याचा रिवाजच झालाय. पार्ट लागू पडला तर निदान बरोबर, नाही पडला तर ‘अजून एक पार्ट लागेल’. त्या पोराचा राग नाही, त्याला गाडीमागं मिनिटं मोजून दिलेली असतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रूझ कायमचं गेलं. सेटचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला तरी हिरवा शब्द येईना. मला हे बरंच वाटलं. अधूनमधून होणारा बिघाड मिस्त्रीसमोर हमखास लपतो. कायमचा झाला की कुठं जाणार?

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीचं नाव फौंड्रीवाल्या मित्रानं सुचवलं होतं. उद्यमनगर ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: एका बाजूला लेथ, पलीकडं मिलिंग, त्याला लागून पॅटर्न करणारा, समोर वेल्डिंग आणि मधे चहाची टपरी. ऑइल इंजिनाच्या जमान्यापासून कोल्हापूर या गल्ल्यांतून लोखंड कापतंय. मिस्त्री पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला मल्टीमीटरची वायर लोंबकळलेली. मी सगळी कहाणी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

‘गाडी पुरात हुती काय?’

कोल्हापुरात वायरिंगच्या कुठल्याही दुखण्याची सुरुवात आता या प्रश्नानं होते. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेनं शिरोलीपाशी महामार्ग बंद पाडला होता, आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील देव जाणे. मी नाही म्हणालो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि तरी स्वतः बघितलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. गुंडाळलेला असतो त्या भागावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीटच्या रुळाखाली हात घालून गंज चाचपला. मग कार्पेटचा कोपरा वर करून वास घेतला. ‘न्हाई, कोरडी हाय,’ म्हणाले आणि मगच स्कॅनर काढला.

हा स्कॅनर सगळ्या कंपन्यांना चालणारा, पाटीएवढा. त्यांनी कोडकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ इंजिनाच्या लाइव्ह डेटात गेले, यादीतून फक्त चार-पाच ओळी निवडल्या आणि स्क्रीन माझ्या मांडीवर ठेवला.

‘मेन स्विच दाबा.’ ऑन झालं.

‘सेट दाबा. रिझ्यूम. कॅन्सल.’ प्रत्येक बटणाला त्या त्या ओळीत अक्षर बदललं. पायाखाली काही न हलवता क्लॉक स्प्रिंगचा खटला तिथंच निकालात निघाला.

‘ब्रेक दाबा, सोडा.’ ब्रेकच्या दोन्ही ओळी एकदम बदलल्या, एकदम परत आल्या.

‘आता क्लच.’

क्लचची ओळ आधीपासूनच ‘ऑन’ होती. दाबला, ऑन. सोडला, ऑन. पाय पेडलवर नसताना गाडीच्या मते मी क्लच दाबून बसलो होतो.

मी सर्व्हिस सेंटरचा युक्तिवाद पुढं केला: क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, मग स्विच चांगलाच असणार. मिस्त्री हसले. ‘आवो, त्यो खालचा स्विच. वरचा येगळा असतोय.’

अशा गाड्यांत क्लच पेडलला दोन स्विच असू शकतात. पेडल तळाला टेकलं की दबतो तो सेल्फ सोडणारा. पेडल पूर्ण वर असताना दबलेला असतो तो दुसरा. तो ईसीयूला सांगतो की क्लच मोकळा आहे. पेडल जरा खाली गेलं की तो सुटतो आणि क्रूझ तत्काळ बंद होतं, नाहीतर क्लच दाबताच इंजिन भरारायला लागलं असतं. खालचा स्विच बिघडला तर गाडीच सुरू होत नाही, लगेच कळतं. ब्रेकचा बिघडला तर मागचा माणूस हात करून सांगतो की दिवे चालूच आहेत. या वरच्या क्लच स्विचला मात्र कुठं दिवा नाही, आवाज नाही. तो क्रूझवाल्या माणसालाच कळतो.

आणि कोड का आला नाही, तेही तिथंच उलगडलं. कोड येतो तो ईसीयूला न पटणारं काही दिसलं तर: वायर तुटली, शॉर्ट झाली, दोन कॉन्टॅक्ट एकमेकांविरुद्ध बोलायला लागले. इथं स्विच अगदी नीट काम करत होता. त्याचा प्लंजर, म्हणजे आत-बाहेर होणारा खिळा, बाहेर आलेला होता आणि तो इमानदारीत ‘पेडल खाली आहे’ असं कळवत होता. चालक क्लचवर पाय ठेवून बसलाय, यात ईसीयूला न पटण्यासारखं काही नव्हतं.

मिस्त्रींनी मॅट ओढून बाहेर काढली आणि गाडीबाहेर फरशीवर झटकली. धूळ, चिंचोक्याच्या साली, पार्किंगची पावती आणि त्यात मळकट निळसर प्लॅस्टिकचे चार-पाच तुकडे. एक तुकडा अर्ध्या बटणाएवढा, कड गोल. त्यांनी तो चिमटीत धरून दाबला. बिस्किटाचा होतो तसा भुगा झाला.

मग ते ड्रायव्हरच्या बाजूनं उताणे आत शिरले, पाय बाहेर, तोंडात टॉर्च. मलाही मान वाकडी करून बघायला लावलं. पेडलच्या दांड्याला वर एक लोखंडी पट्टी, पट्टीला भोक. पट्टीच्या समोर स्विच, त्याचा पांढरा प्लंजर त्या भोकातून आरपार बाहेर आलेला. त्या भोकात एक प्लॅस्टिकचं बटण खोचलेलं असायला हवं होतं. पेडल वर आलं की ते प्लंजरला आत ढकलतं. बटण नाही, तर प्लंजरला अडवणारं कुणी नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत वर्षानुवर्षं तापून ते ठिसूळ झालेलं. आधी तडकलं, तेव्हा हादरा बसला की क्षणभर जागचं हलायचं आणि क्रूझ सुटायचं. मग एक दिवस पुरतं गळून पडलं.

‘स्क्रीनकडं बघा,’ म्हणाले आणि बोटानं प्लंजर आत दाबला. ऑफ. सोडला, ऑन. दाबला, ऑफ. स्विच ठणठणीत.

त्या बटणाची चौकशी स्पेअरच्या दुकानांत केली. एका ठिकाणी म्हणाले मागवावं लागेल, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले सुटं येत नाही, पेडलसकट घ्या. या दोघांत खरं कोण ते शोधायचा उत्साह मला नव्हता. मिस्त्रींनाही नव्हता. ते गल्ली ओलांडून समोरच्या लेथवाल्याकडं गेले.

नमुन्यासाठी ब्रेकच्या पेडलवरचं तसलंच बटण बघितलं, तर त्याच्याही कडेला केसासारखी चीर. ते गळलं असतं तर ब्रेकचे दिवे रात्रंदिवस चालू आणि सकाळी बॅटरी झोपलेली. त्यामुळं दोन्ही करायची ठरली. लेथवाल्यानं पांढऱ्या नायलॉनच्या रॉडचा तुकडा चकमध्ये धरला. व्हर्नियरनं भोकाचं माप, मग डोक्याचा व्यास, मग डोक्याची जाडी, आणि जाडीपाशी दोघांची चांगली हुज्जत झाली. लेथवाल्याचं म्हणणं, जरा जाड ठेवू, झिजायला माल राहील. मिस्त्री ऐकेनात. त्यांचं कारण ऐकण्यासारखं होतं. पेडल वर येऊन टेकतं ते याच बटणावर. डोकं जाड झालं तर पेडल पूर्ण वर येणार नाही, म्हणजे पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेला राहील आणि प्लेट घसरून जळेल. ब्रेकचं जाड झालं तर ब्रेक घासत राहील. पातळ झालं तर प्लंजर पुरता दबणार नाही आणि परत पहिले पाढे. शेवटी ब्रेकच्या बटणाची जाडी मोजून तंतोतंत तेवढीच ठेवली. नायलॉनच्या पांढऱ्या, कुरळ्या पट्ट्या लेथखाली पडत होत्या. लोखंड कापणाऱ्या त्या मशीनला हे काम म्हणजे खेळच. मागचा दांडा भोकात घट्ट बसेल असा किंचित मोठा ठेवला आणि त्याला खाच काढली, म्हणजे निसटायला नको. पैसे विचारले तर लेथवाला म्हणाला, ‘ह्याचं काय घ्यायचं? च्या सांगा.’ चहा सांगितला.

बसवायला वेळ लागला नाही. मग मिस्त्रींनी हातानं दोन्ही पेडलं दाबून बघितली. दाबताना सुरुवातीला जो मोकळा खेळ लागतो तो आहे का, एवढंच. क्लचचा जरा कमी वाटला, म्हणून स्विचचा लॉकनट सैल करून स्विच थोडा मागं घेतला आणि परत आवळला. स्कॅनरवर पुन्हा तीच ओळ: सोडला, ऑफ, दाबला, ऑन. चाळीसच्या आत क्रूझ लागत नाही, त्यामुळं खरी परीक्षा रस्त्यावरच. मिस्त्रींनी स्कॅनिंगचे आणि मजुरीचे मिळून जे घेतले ते सर्व्हिस सेंटरच्या आकड्यापुढं सांगायलाही लाज वाटावी इतकं कमी होतं.

पुढच्या हुबळीच्या फेरीला कागल सोडल्यावर ऐंशीला लावलं. आधी दूधगंगेचा पूल, मग यमगर्णीजवळ वेदगंगेचा. दोन्ही ठिकाणी सांधे सणसणीत आहेत. धप्प झालं, हिरवं ‘सेट’ हललं नाही. तवंदी घाटात मी स्वतःच बंद केलं. वळणात आणि ट्रकच्या रांगेत क्रूझ ठेवायचं नसतं, तसंच पावसात रस्त्यावर पाणी साचलेलं असतानाही नाही. घाट संपल्यावर रिझ्यूम दाबलं आणि गुडघा सरळ केला.

मिस्त्रींनी एक सांगून ठेवलंय: नायलॉन सुरुवातीला दाबानं किंचित बसतं, तेव्हा हजारेक किलोमीटर झाले की क्लचचा खेळ परत एकदा बघून लॉकनट तपासून घ्यायचा. तेवढे झालेत. या शनिवारी उद्यमनगरात जायचंय.